पाच काचा

“पाचही काचांत मलेरिया निघालाय, खिल्लारे.” मलेरिया कचेरीतले साहेब दिनकरराव यांनी तपासणीचा कागद पुढं सरकवला. “सगळे दुधना नदीपलीकडच्या वस्तीतले. गोळ्या घ्या अन् आत्ताच निघा.”

पंडित खिल्लारेनं कागदावरची पाच नावं वाचली. एकोणीसशे बासष्टपासून चौदा वर्षं तो सेलूच्या आसपासची गावं पायी फिरत होता. दर पंधरवड्याला प्रत्येक दारात जाऊन ताप कुणाला आहे विचारायचं, बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घ्यायचं, गोळ्या द्यायच्या. पण पंधरा दिवसांपूर्वी दुधनेला पाणी होतं, आणि त्याचंही अंग मोडून आलं होतं. तो अलीकडच्या काठावरच बसला. स्वतःचीच बोटं टोचून पाच काचा भरल्या, वर वस्तीतली पाच नावं घातली. चौदा वर्षांत एकदाच.

“साहेब,” तो म्हणाला, “पाची काचा माज्याच रगताच्या हायेत.”

दिनकररावांनी कागद परत जवळ ओढला. “नोकरी जाईल तुमची.”

“जाऊ द्या. पन आदी वस्तीवर जाऊन येतो. तिथं खरंच कुनाला ताप असंल तर?”

“आधी तुम्ही गोळ्या गिळा,” दिनकरराव म्हणाले.

नदी आता गुडघाभर होती. वस्तीतलं पहिलं घर मुंजाजीचं. काचेवरचं पहिलं नावही त्याचंच. दारात त्याची बायको चांगुणाबाई बसली होती. तिचं कपाळ मोकळं होतं.

“वैनी, मुंजाजीभाऊ?”

“गेले. आज नववा दिस. थंडी वाजून लय ताप आल्ता. सा दिस एकच म्हनायलते, मलेरियावाला यायची पाळी हाय, त्याच्या गोळीनं उतरंल. मी रोज नदीपातुर जाऊन बघायलते. तुमी आलेच न्हाईत.”

पंडितनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. पाण्याचं कारण सांगितलं असतं तर तिनं मानलं असतं. त्यानं ते सांगितलं नाही. काठावर बसून काय केलं, ते सगळं सांगितलं.

चांगुणाबाई ओरडली नाही. तिनं एवढंच विचारलं, “म्हंजी सरकारी कागदावर त्यांचं म्हनून तुजं रगत हाय?”

“हाय.”

तिनं हात पुढं केला. “मला परवापासून कसकस हाय. घे.”

त्यानं बोट पुसलं, टोचलं, काच भरली, तिचं नाव लिहिलं. गोळ्या तिच्या तळहातावर ठेवता ठेवताच त्याला हुडहुडी भरली. दात वाजू लागले. तो भिंतीशी खाली बसला.

चांगुणाबाई उभी राहून त्याच्याकडं बघत होती. मग आत गेली आणि एक काळं घोंगडं आणून तिनं त्याच्या अंगावर टाकलं.

“घरात येवढंच हाय,” ती म्हणाली.

घोंगड्याला तापाच्या घामाचा वास येत होता.