वाळकी काडी

चारुताने आपल्या कथेचं शेवटचं पान उलटलं आणि गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून चाळला. लाल शाईचा एक ठिपका नव्हता.

"काहीच कापलं नाहीस?"

"कापासारखं काई भेटलंच नाही," गीतांजली म्हणाली आणि चहात बिस्कीट बुडवत राहिली.

अमरावतीच्या एसटी स्टँडसमोरच्या या हॉटेलात दोघींची बैठक ठरलेली. गीतांजली शेंदूरजनाघाटची, संत्र्याच्या बागेत वाढलेली. चारुता इथल्याच एका वकिलाची मुलगी, शाळेत मराठी शिकवणारी. लेखिका दोघींनाही व्हायचं होतं, आणि शक्यतो दुसरीच्या चार पावलं आधी! त्यांची एक रीत होती. फळं उतरल्यावर बागेत झाडाच्या वाळक्या काड्या छाटतात, त्याला सल काढणं म्हणतात. तसं एकीच्या कथेतलं सल दुसरीने काढायचं, आणि जिची कथा तिने हूं की चूं करायचं नाही. चारचौघांत वाचायची वेळ आली तरी एकीची कथा दुसरीनेच वाचायची. स्वतः वाचायला बसलं की माणूस आपल्या बाब्याचे लाड करत बसतो.

आजवर हे सुरळीत चाललं होतं. पण आता अकोल्याच्या एका वाचनालयाने कथास्पर्धा ठेवली होती, आणि जी कथा पहिली येईल तिच्या लेखकाचं पुस्तक ते काढणार होते. पुस्तक! दोघींची जन्माची हौस, आणि निघणार एकीचंच.

आणि नेमकं आताच हिला कापायला काही सापडू नये? मागच्या खेपेला हिनेच चारुताचं अख्खं पान उडवलं होतं. वर म्हणाली होती, "इतलं गोड लिहून राहिली, मुंग्या लागतीन." आज मात्र सगळं छान छान. चारुताच्या मनात पाल चुकचुकली. तेवढ्यात गीतांजलीच्या पिशवीतून चारुताच्याच कथेची आणखी एक प्रत डोकावली. ओळीओळीत पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या.

"ते काय आहे?"

"काई नाही वं." गीतांजलीने प्रत घाईघाईने आत कोंबली.

म्हणजे चुका काढून ठेवल्या होत्या, फक्त सांगायच्या नव्हत्या. बरं बाई, शेरास सव्वाशेर! चारुताने गीतांजलीची कथा पुढे ओढली. पार्बताबाई नावाच्या म्हातारीची कथा. त्यात एक परिच्छेद होता. मुलगा गेल्यापासून पार्बताबाई रोज एक संत्रं सोलते, अर्ध्या फोडी त्याच्या रिकाम्या पाटापुढे ठेवते, आणि दिवेलागणीला 'फळ वाया जाऊ देऊ नये' म्हणत त्या आपणच खाते. हा परिच्छेद पहिल्यांदा वाचला त्या दिवशी चारुताला जेवण गेलं नव्हतं.

तिने त्याच्यावर लाल रेघ मारली.

"हे सल आहे. कथा इथे अडते."

गीतांजलीने ओठ हलवत तो परिच्छेद वाचला. मग मान हलवली. "बरं."

दोघींच्याही कथा शेवटच्या फेरीत पोहोचल्या; तिथे त्या परीक्षकांपुढे वाचून दाखवायच्या होत्या. अकोल्याला जाताना मूर्तिजापूर येईपर्यंत गीतांजली खिडकीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत होती. चारुताने वळून पाहिलं की कागद मांडीखाली जाई. आता ही माझी कथा वाचणार, जीभ अडखळल्याचं सोंग करणार आणि माझी माती करणार, चारुताला वाटलं. आज रीत मोडावी का? पण मोडायची कोणत्या तोंडाने?

जुन्या शहरातल्या वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. परीक्षकांच्या हातात कथांच्या प्रती होत्या. गीतांजली उठली आणि चारुताची कथा वाचू लागली.

एरवी धाडधाड बोलणारी ही बाई ठायी ठायी थांबत होती, श्वास घेत होती, आवाज खाली आणत होती. पुढच्या रांगेतून चारुताला तिच्या हातातली पानं दिसली. जिथे पेन्सिलीची खूण, तिथे ती थांबत होती. दुसरं तिसरं काही नव्हतं त्या खुणांत. कथा संपली आणि टाळ्या पडल्या. चारुताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तिचं नाव पुकारलं. ती पार्बताबाईची कथा वाचू लागली. वाचता वाचता ती जागा आली. कागदावर एक वाक्य संपून सरळ पुढचं सुरू होत होतं. चारुता थांबली. तिने कागद खाली घेतला आणि संत्र्याच्या फोडी, पाट, दिवेलागण, सगळं तोंडपाठ म्हटलं. एक शब्द चुकला नाही.

परीक्षकांनी पानं मागेपुढे केली.

"हा भाग आमच्या प्रतीत नाही."

"तिच्या कथेत होता," चारुता म्हणाली. "मी कापायला लावला."

"का?"

चारुता हातातल्या कागदांच्या कडा जुळवू लागली. पुढच्या रांगेतून गीतांजलीच बोलली, "आमची रीत हाय ते, सर. एकमेकीचं सल काढतो आमी."

वाचन संपवून चारुता खुर्चीवर येऊन बसली. मंचावर पुढचा स्पर्धक उभा राहिला होता. गीतांजलीची नजर समोरच होती.

"ते सल नव्हतं," चारुता हळूच म्हणाली.

"मले मालूम होतं."

"मग काढलंस कशाला?"

"तू म्हनलं म्हून."