कापसातला मारवा

आमच्या ह्यांचे कान देवाने बहुतेक दुसऱ्या कुणासाठी घडवले होते, आणि गडबडीत ते मोताळ्याच्या पोस्टातल्या एका कारकुनाला लावून टाकले. नाहीतर ज्या गावात लग्नाच्या फाटक्या भोंग्यावरसुद्धा लोक खूश असतात, तिथे एका माणसाला आपल्याच घरातलं गाणं वर्षानुवर्षं पसंत पडू नये, याला काय म्हणायचं?

लग्नात माझ्या बापाने दिलेला टेपरेकॉर्डर पहिल्या महिन्यातच नापास झाला. "बाई डब्यात बसून गाऊन राह्यली," असं यांचं म्हणणं. मग जळगाव जामोदच्या एका बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजवाल्याकडून जुना ॲम्प्लिफायर आला. अकोल्याहून स्पीकर आले. त्यांच्यासाठी आसिफ सुताराने लाकडी पेट्या केल्या, मोडल्या, पुन्हा केल्या. शेवटी आसिफने हात जोडले आणि म्हणाला, "हरिओमभाऊ, यापेक्षा ताजमहाल सोपा होता." तबकड्यांचं यंत्र आलं, त्याची सुई आली. दर वेळी चार दिवस हे हवेत असायचे. पाचव्या दिवशी तोंड पाडून स्वयंपाकघराच्या दारात यायचे आणि तो एकच शब्द म्हणायचे, "घुमते."

घुमत होतं म्हणे आमच्या हॉलमध्ये. वर स्लॅब, खाली फरशी, भिंती गुळगुळीत. आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि मूळ सुरात कालवाकालव करतो, असं ते मला समजावून सांगत. यांनी भिंतींवर घोंगड्या टांगल्या. अंड्यांचे पुठ्ठे ठोकले; माझ्या मावशीने विचारलं, कोंबड्या पाळल्या का? माझ्या रुखवतातल्या गोधड्या खिडकीत गेल्या. तरी घुमतच होतं. मला विचाराल तर मला काही फरक कळत नव्हता. गाणं लागलं की गाणं, बंद झालं की शांतता. मी एकदा चिडून म्हटलंही, "कानात तेल घाला अन् झोपा." त्यावर हे दोन दिवस बोलले नाहीत.

अशात दोन हजार दहाची दिवाळी आली आणि तिच्यामागून इंद्रभानचा कापूस आला.

इंद्रभान माझा धाकटा दीर. सासरे लवकर गेले, त्यामुळे त्याला यांनीच वाढवलं. पुढे वाटण्या झाल्या. घर आम्हाला आलं, चांगलं वावर त्याला. तो, त्याची बायको कलाबाई आणि त्यांचं अंगावरचं लेकरू आमच्या घरामागे पत्र्याच्या खोलीत राहत. शेजारीच त्याने आपल्या घराचं जोतं बांधून ठेवलं होतं. दोन पावसाळे त्या जोत्यावर गवत माजत होतं. त्या वर्षी मात्र बीटीला बोंडं धरली, आणि भाव तर असा चढला की म्हातारे लोकही म्हणत, असं कधी पाहिलं नाही. इंद्रभान कलाबाईला सांगायचा, "या कापसात आपलं घर हाये." खरंच होतं. तो कापूस म्हणजेच त्याच्या भिंती, त्याची दारं, त्याचा स्लॅब होता.

आमच्याकडे भाव यायचा असला की कापूस घरात भरून ठेवतात. माणसं ओसरीत झोपतात, कापूस खोलीत झोपतो. इंद्रभानच्या खोलीत जागा नव्हती, म्हणून तो आमच्या हॉलमध्ये पडला. बाया पायांनी दाबत गेल्या आणि ढीग खिडकीच्या वर चढला. हे फार कुरकुरले. शेवटी यंत्र आणि स्पीकर एका अंगाला सरकवले, आणि समोर एक खुर्ची मावेल एवढी खाच ठेवून घेतली.

त्या दिवशी दिवेलागणीला हे स्वयंपाकघरात आले. मी भाकरी थापत होते. यांचे डोळे भरलेले पाहून मला वाटलं, कुणी गेलं की काय.

"दीपमाला," हे म्हणाले, "घुमत नाही."

तेव्हा मीही हसले. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला. यांच्या कपाळावरची आठी मी लग्नापासून पाहत आले होते. ती त्या दिवशी पहिल्यांदा गेली. रोज पोस्टातून आले की हे चहासुद्धा न घेता त्या खाचेत जाऊन बसायचे.

इंद्रभान कोणतंही काम दादाला विचारल्याशिवाय करत नसे. बियाण्याची थैली कोणती घ्यायची, कलाबाईला कोणत्या डॉक्टराकडे न्यायचं, सारं दादा सांगणार. दादा मोताळ्यात चार लोकांत बसतो, पेपर वाचतो, त्याला कळतं. संक्रांतीच्या सुमारास त्याने विचारलं, "दादा, विकू का थांबू?" हे म्हणाले, "थांब." आणि भाव आणखी चढला. मग काय, इंद्रभानच्या लेखी दादाचा शब्द पक्का झाला.

पण पुढे ज्यांनी ज्यांनी कापूस भरून ठेवला होता, ते एकेक करून विकू लागले. आमच्याकडे "थांब" संपेना. कापसातले किडे घरभर फिरू लागले. माझी पोर रात्रंदिवस अंग खाजवायची, तिच्या हातापायांवर पुरळ आलं. मी सांगितलं तर हे म्हणाले, "लिंबाचा पाला टाकून आंघोळ घाल." एकदा मी उशीत भरायला दोन ओंजळी कापूस काढला. संध्याकाळी हे खुर्चीतून ओरडले, "इथून कोणी काढला?" दोन ओंजळी कापूस त्यांच्या कानाला कळला होता. त्या दिवसापासून मला यांच्या "थांब"चा संशय येऊ लागला.

होळी होऊन गेल्यावर एका रविवारी दुपारी वकारभाई मेटाडोर घेऊन आला. खेडोपाडी फिरून कापूस घेणारा व्यापारी. माणूस सरळ. काटा घेऊन त्याचे दोन गडी गाडीतच बसले होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी आले, तर हे फाटकात उभे.

"हरिओमभाऊ, आज देऊन टाका," वकारभाई म्हणत होता. "बजार उतरून राह्यला. परसो हा भाव नाही भेटनार. मी माह्या सख्ख्या मामाचा कालच उचलला. खुदा कसम."

"इंद्रभान नाही घरी," हे म्हणाले. "सासरवाडीले गेला. आठ दिवसानं येजो."

इंद्रभान घरामागे होता. जोत्यात मुरूम टाकत होता. फावड्याचा आवाज मला तिथपर्यंत ऐकू येत होता. वकारभाईने पाणी घेतलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि गाडी निघून गेली.

मी तांब्या तिथेच ठेवला आणि यांच्या मागोमाग हॉलमध्ये शिरले.

"काऊन खोटं बोलले?"

"व्यापारी हाये तो. त्याले स्वस्तात पायजे."

"तं तसं इंद्रभानभाऊजींले सांगू द्या. ते गावाले गेले म्हणून काऊन सांगितलं?"

यांनी खोक्यातून एक तबकडी काढली. तबकडी लावली, सुई ठेवली आणि मला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. "एकदा ऐक. फक्त एकदा. मंग काय बोलायचं ते बोल."

कुणी बाई मारवा गात होती. मला राग कळत नाहीत, तबकडीच्या खोक्यावर लिहिलं होतं म्हणून सांगते. पण तिने गायच्या आधी श्वास घेतला तो मी ऐकला. माझ्यासमोर हातभर अंतरावर ती बसली होती. तिच्यामागे तंबोरा, तंबोऱ्यामागे काहीच नाही, नुसती शांतता. माझ्या अंगावर काटा आला. आणि त्याचाच मला एवढा संताप आला की मी उठून उभी राहिले.

"चांगलं हाये," मी म्हटलं. "फार चांगलं हाये. पण हे गाणं नाही हो. हे इंद्रभानचं घर वाजून राह्यलं."

यांचं तोंड उतरलं. "आठ दिवस," हे म्हणाले. "भाव वापस चढन."

"अन् नाही चढला तं?"

बाई गात राहिली. हे तिच्याकडे पाहत राहिले, जणू उत्तर ती देणार होती. मी मागच्या दाराने बाहेर पडले.

"भाऊजी, वकारभाई आले होते. बजार पडून राह्यला म्हणत होते. यांनी वापस पाठवले."

इंद्रभानने फावडं टेकवलं. तेवढ्यात हे माझ्यामागे येऊन उभे राहिले. इंद्रभानने माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे पाहिलं. "दादा, वहिनी काय म्हनते?"

"पाडून मागत होता," हे म्हणाले. आवाज जरासा कापला, पण तो मलाच कळला. "थांब अजून आठ दिवस."

"बरं," इंद्रभान म्हणाला. "वहिनी, दादा म्हनते तं थांबू." आणि त्याने फावडं पुन्हा उचललं.

बस. एवढंच. त्या "बरं"ने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका शब्दावर माणूस आपलं घर ठेवतो, आणि शब्द देणारा आपल्या कानाचे लाड करतो! मी अंगणात ताडपत्री पसरली, हॉलमध्ये गेले आणि कवळा भरभरून कापूस बाहेर फेकू लागले. कलाबाईने माझं तोंड पाहिलं, लेकरू खाटेवर टाकलं आणि एक शब्दही न विचारता कामाला लागली. इंद्रभान धावत आला. "वहिनी, काय करता? वहिनी!" मी ऐकलं नाही. खिडकीखालचा काढला, दारामागचा काढला. हे भिंतीला टेकून उभे होते, हात लोंबत होते. रागावतील, हात धरतील असं वाटलं होतं. ते नुसते पाहत होते. सुई तबकडीच्या शेवटाला जाऊन खरखरत होती, तिच्याकडेही यांचं लक्ष नव्हतं.

मग मी स्पीकरच्या मागे वाकले.

"तिथला नको!" हे एकदम पुढे आले. "बाकी सगळा ने. सगळा ने, पण त्या कोपऱ्यातला राहू दे. तिथूनच घुमते."

माझे हात थांबले. कलाबाई दारात थबकली.

इंद्रभान उंबऱ्यात उभा होता. त्याने यंत्राकडे पाहिलं. खुर्चीकडे पाहिलं. तिच्याभोवती हाताने थोपटून थोपटून सारखा केलेला कापूस पाहिला. कुणाला इतक्या मायेने कापूस थोपटावासा वाटेल, हे त्याला हळूहळू उमगत गेलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून ते मला दिसत गेलं.

"याच्यासाठी, दादा?" तो म्हणाला.

यांनी मान खाली घातली.

इंद्रभान ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, भावाभावांत होतं तसं भांडण होऊन मिटलं असतं. त्याने मुरुमाचे हात बनियनला पुसले, खिशातून मोबाइल काढला आणि अंगणात जाऊन वकारभाईला फोन लावला.

वकारभाई तोवर दुसऱ्या कुणाचा कापूस उचलायला जानेफळच्या वाटेला लागला होता. तो आला मंगळवारी, आणि भाव त्याने सांगितला तसाच उतरलेला होता. इंद्रभानने घासाघीस केली नाही. गाठोडी बांधली गेली, काट्यावर चढली, गाडीत रिकामी झाली. हॉलची फरशी दिसू लागली. शेवटी वकारभाईचा गडी स्पीकरच्या मागे शिरला, तसा इंद्रभान म्हणाला, "तो राहू दे वकारभाई. तो दादाचा हाये."

हे ओसरीवर बसून होते. त्यांनी ऐकलं.

उन्हाळ्यात भाव पार कोसळला. ज्यांनी मे महिन्यापर्यंत धरून ठेवला त्यांची दशा पाहवत नव्हती, त्या मानाने इंद्रभान बराच वाचला. पण स्लॅब काही झाला नाही. विटांच्या चार भिंती उभ्या राहिल्या आणि त्यांच्यावर पत्रेच पडले. कलाबाईने मला एका शब्दाने बोल लावला नाही. इंद्रभानही वास्तूच्या दिवशी आम्हा दोघांच्या पाया पडला. सणाला येतो, पोरीला खाऊ आणतो. आमच्या हॉलमध्ये कोपऱ्यात तेवढा ढीग राहिला. त्याने काही उपयोग झाला नाही, पहिल्याच दिवशी घुमलं. यांनी तो काढलाही नाही, मलाही काढू दिला नाही.

मग पेरण्या आल्या. दर वर्षी बियाणं घ्यायला इंद्रभान यांना पोस्टातून सुटीच काढायला लावायचा. दोघं मोताळ्याला जायचे, दुकानात तासभर थैल्या उलटसुलट करून पाहायचे आणि भजी खाऊन परत यायचे. यंदा यांनी न सांगता सुटी काढली. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून पायरीवर बसले. दुपार झाली तरी बसलेच होते.

इंद्रभान मोटरसायकलवर आला. मागे बियाण्याच्या थैल्या बांधलेल्या होत्या.

"कोणतं आणलं बे?" यांनी विचारलं. आवाज अगदी नेहमीसारखा ठेवायचा प्रयत्न केला होता.

"आणलं दादा, एक," इंद्रभान हसून म्हणाला, आणि गाडी आपल्या घराकडे वळवली. नाव त्याने सांगितलं नाही.