बांगड्यांसकट

मला काचेच्या बांगड्या आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे झालं ते हौसेपायी झालं असं कुणाला वाटायला नको. रॉटरडॅमला राहायला गेल्यापासून मनगटात घड्याळाशिवाय काही घातल्याचं मला आठवत नाही. मी जॅझ गाते, आणि गाताना माझे हात फार हलतात. बांगडी वाजली की थेट माइकमध्ये जाते, हे मी विशीतच शिकले होते.

तरीही रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी मी दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या घातल्या.

आम्ही तिघी हैदराबादला आलो होतो. मी, माझी मुलगी गौरी आणि माझ्या सासूबाई कुसुमताई. माझा नवरा मिलिंद गेला त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून आई, म्हणजे सासूबाई, आमच्याकडे रॉटरडॅमलाच असतात. एका फेरीत दोन कामं उरकायची होती. एक माझा अल्बम आणि दुसरं रोहनचं लग्न. रोहन हा माझ्या धाकट्या दिराचा, सौरभभाऊजींचा मुलगा. अल्बम काढणारी कंपनी डच, मग रेकॉर्डिंग हैदराबादला कशाला, असं तिथे सगळ्यांनी विचारलं. मला बेस वाजवायला कुलदीपच हवा होता आणि कुलदीप हैदराबाद सोडून कुठे जात नाही. कॉलेजात असताना आम्ही दोघं सिकंदराबादच्या एका हॉटेलात गायचो-वाजवायचो. गौलीगुड्यात आमच्या माहेरच्या गल्लीत ‘जयवंता हॉटेलात गाते’ एवढं म्हटलं की पुरे व्हायचं. पुढचं ज्याचं त्याने समजून घ्यायचं.

शनिवारी सकाळी हिमायतनगरला भाऊजींच्या घरी बांगड्या भरायचा कार्यक्रम होता. लग्नघर म्हटल्यावर घरातल्या सगळ्या बायकांना बांगड्या भरायच्याच. लाड बझारची बांगडीवाली राणी पेट्या घेऊन आली होती. हॉलमधला सोफा भिंतीला सारून खाली चादरी घातल्या होत्या. मी त्या रांगेत बसले ते केवळ पंखा तिथे होता म्हणून, खरंच सांगते. माझ्या जावेच्या, सुजाताच्या, दोन मावशा झाल्या, गौरी झाली, आणि राणीने माप बघायला माझा हात हातात घेतला.

स्वयंपाकघराच्या दारातून सुजाता म्हणाली, “उनकू नक्को राणी. आगे चलो.”

राणीने माझा हात सोडला. चेहरासुद्धा वाकडा केला नाही. हात सोडला आणि शेजारच्या मावशींचा धरला. एवढंच झालं. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बेचाळीस वेळा कुणी मला ‘तू विधवा आहेस’ म्हणून सांगितलं असतं तरी मी हसून सोडून दिलं असतं, पण धरलेला हात असा सोडलेला मला नाही चालला.

मी आईंकडे पाहिलं. त्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. त्यांनी ऐकलं होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण त्यांचा हात थांबला होता. मला सगळ्यात जास्त ते लागलं.

मी दोन्ही हात पुढे केले. “राणी, भरो. हरी.”

“ताई, राग नका मानू हो,” सुजाता जवळ येऊन बसली. “मी काही जुन्या वळणाची नाही. पण पद्धत असती. नांदेडची मुलीकडची मंडळी येणार, बघणार, उगाच रोहनच्या लग्नात बोलणं नको. आणि तुम्हाला आवडतात तरी का बांगड्या?”

“नाही.”

“मग?”

“मग काय? भरायच्या.”

राणीने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “मेरेकू क्या अम्मा,” ती म्हणाली, “मैं तो भरती.” माझे पंजे रुंद, आणि मोठ्या मापाच्या हिरव्या बांगड्या मावशांवर संपल्या होत्या. तिने साबण लावून, माझा अंगठा आत दुमडून एकेक बांगडी चढवली. कातडं सोललं. डोळ्यांत पाणी आलं तर मी ते येऊ दिलं, म्हणजे बघणाऱ्यांना काय हवं ते समजता येईल. सगळं झाल्यावर एक मावशी म्हणाली, चहा टाका गं कुणीतरी.

संध्याकाळी भाऊजी घसा खाकरत आले. “वहिनी, हळदीपुरत्या तेवढ्या काढल्या असत्या तर...”

“भाऊजी, तुमच्या हातात घड्याळ आहे. मी काढायला सांगितलं का?”

ते गेले. गौरीला मात्र असं उडवून लावता येत नाही. दुसऱ्या दिवशी स्टुडिओकडे जाताना गाडीत ती म्हणाली, “मम्मा, तूच मला सांगतेस ना, रागात काही करायचं नाही म्हणून?”

“ते रॉटरडॅमला,” मी म्हटलं.

स्टुडिओ दिलसुखनगरला, तिसऱ्या मजल्यावर. खाली कोचिंग क्लास. एरवी तिथला मास्तर माइकवरून फिजिक्स शिकवत असतो आणि ते फिजिक्स आमच्या गाण्यात येतं. पण त्या रविवारी खाली मोठी परीक्षा होती, पोरं श्वाससुद्धा हळू घेत होती. तसा दिवस पुन्हा मिळणार नव्हता. सोमवारी हळद, मग लग्न, मग आमचं विमान. बाकीची गाणी आधीच्या आठवड्यात झाली होती. हे एकच राहिलं होतं, आणि ज्याच्यासाठी मी अल्बम करत होते ते हेच. मिलिंद गेल्यावर घर इतकं शांत झालं की बाई फ्रिजशी बोलायला लागते, असं काहीसं ते गाणं आहे. शब्द माझेच, मराठीत. नुसता माझा आवाज आणि कुलदीपचा माणसाएवढा उभा बेस. मध्ये मोठमोठ्या जागा सोडलेल्या, जिथे कुणीच काही करत नाही. गाणं खरं तर त्या जागांमध्येच आहे.

आमची कामाची एक रीत आहे. आम्ही वेगवेगळं रेकॉर्ड करून नंतर जोडत नाही. दोघं एका खोलीत समोरासमोर उभे राहतो आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात गातो-वाजवतो. जे माइकमध्ये पडलं ते पडलं.

पहिल्याच ओळीनंतर काचेपलीकडून शिल्पाचा आवाज आला. शिल्पा तिथली रेकॉर्डिस्ट. “मॅडम, चुडियां सुनाई दे रे.”

मी बाथरूममध्ये जाऊन साबण लावून पाहिला. आदल्या दिवशीच हात सुजला होता, बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी येऊन अडायची. मग कुलदीपने टॉवेल आणून माझी दोन्ही मनगटं गुंडाळली. तसं गाऊन पाहिलं. हात बांधले की माझा गळाही बांधला जातो. अर्ध्यावर कुलदीपने वाजवणं थांबवलं.

“जया, तू गा नहीं रही,” तो म्हणाला, “तू समाचार पढ़ रही है.”

मी टॉवेल फेकून दिला. शिल्पा आत आली. चांगली पोरगी आहे, तिच्या मनात वाईट काही नव्हतं. “तोड देव ना मॅडम,” ती म्हणाली, “शाम कू मैं खुद नये लाके देती.”

खरं तर दुसरा मार्गच नव्हता. गाणं माझं होतं, बांगड्या माझ्या रागाच्या होत्या. राग काय, पुन्हा येईल. खाली परीक्षा सुटली की जिन्यात दोनशे पोरं गोंगाट करणार होती. मी हात वर केला आणि माइकच्या लोखंडी स्टँडवर मनगट आपटायला नेलं.

“थांब,” आई म्हणाल्या.

त्या कोपऱ्यात चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. माझ्या प्रत्येक रेकॉर्डिंगला त्या येतात, रॉटरडॅमलाही, आणि एक अक्षर बोलत नाहीत.

“माझ्या अशाच फोडल्या होत्या,” त्या म्हणाल्या. “तुझे सासरे गेले तेव्हा. मागच्या अंगणात, दगडावर. मी नको नको म्हणायले तर दोघींनी माझे हात धरून ठेवले. सौरभ एवढासा होता, दारात उभा राहून बघत होता. तो आवाज अजून ऐकू येतो मला. घरात कपबशी फुटली की मी कान झाकते, तू पाहिलंस.”

पाहिलं होतं. मला वाटायचं, त्यांना कपबशीचं वाईट वाटतं.

“हा आवाज तसा नाही,” त्या माझ्या हाताकडे बोट दाखवत म्हणाल्या. “हा राहू दे.”

“आई, गाणं खराब होईल.”

“होऊ दे की. घर शांत झालं म्हणून रडायलीस त्या गाण्यात. मग बाई, हात कशाला गप्प करायलीस?”

मला खरं तर तिथेच रडू यायला हवं होतं, पण मला आला राग. “मग काल का नाही बोललात? काल मूग गिळून लसूण सोलत बसलात! माझा हात तिने सोडला तेव्हा तुम्ही बघत होतात.”

“सवय,” आई म्हणाल्या. डब्याचं झाकण लावत पुन्हा म्हणाल्या, “सवय आहे गं. लवकर नाही जात.”

कुलदीपला मराठी येत नाही, पण त्याने विचारलं नाही. बेस उभा केला आणि माझ्याकडे पाहिलं. शिल्पा काचेमागे गेली.

मी गायले. पहिल्या मोकळ्या जागेत बांगड्या वाजल्या तेव्हा माझं अंग आकसलं. दुसऱ्यांदा वाजल्या तेव्हा मी वाजू दिल्या. त्या काही तालात वाजत नव्हत्या. उगाच कुणी असं समजू नका की बांगड्यांनी चमत्कार केला. एका ठिकाणी तर त्यांनी माझा अख्खा शब्द खाल्ला. पण मी त्या गाण्यात आजवर नुसती दुःखी होत आले होते, आणि त्या दिवशी मी भांडले. मिलिंदशी भांडले, तो गेला म्हणून. घराशी भांडले. हात जसे हलायचे तसे हलू दिले. शेवटचा सूर संपल्यावर कुलदीपने तार दाबून धरली आणि आम्ही दोघं तसेच उभे राहिलो.

“सेफ्टी के लिए एक और लेंगे मॅडम?” शिल्पाने विचारलं.

“नक्को,” मी म्हटलं.

गाणं तिथूनच कंपनीला पाठवलं. आम्ही चिवडा खाईपर्यंत तिकडच्या माणसाचा फोन आला. फार सुंदर झालंय म्हणाला, मागे काहीतरी खळखळतंय, तेवढं इकडे साफ करून घेऊ. मी म्हटलं, ते साफ करणार असाल तर गाणंच काढून टाका. गाणं काढलंत तर अल्बमवरचं माझं नावही काढा. तो गडबडला. वरिष्ठांना विचारतो म्हणाला. विचारा, मी म्हटलं, उत्तर ऐकायची मला घाई नाही. गौरी माझ्याकडे बघत होती. रागात काही करायचं नाही, हे तिने या वेळी नाही म्हटलं.

फोन ठेवते न ठेवते तोच पुन्हा वाजला. सुजाता. माझे हात चिवड्याचे, म्हणून गौरीने स्पीकर लावला.

“ताई, निघाल्या का हो बांगड्या? नांदेडची मंडळी आजच यायलीत. मला काही म्हणायचं नाही, पण उद्या हळदीला सगळ्या बायका पुढे बसणार...”

मी तोंड उघडायच्या आत आईंनी गौरीच्या हातातून फोन घेतला. फोन तोंडासमोर आडवा धरला.

“सुजाता, मी बोलतेय. जयवंताच्या हातात बांगड्या आहेत, आणि राहतील. हळदीला ती पुढे बसेल. माझ्या नातवाला पहिली हळद तीच लावेल.”

“आई, निदान तुम्ही तरी समजून घ्या...”

“ऐक पुढे. राणी उद्या यायची आहे ना, राहिलेल्यांना भरायला?”

“हो, येणार आहे.”

“तिला म्हणावं, माझ्यासमोर येऊन बसायचं. माझा हात हातात घ्यायचा आणि मला विचारायचं, अम्मा, भरू का.”

सुजाताने घाबरून, अगदी हळू विचारलं, “आई, तुम्ही... तुम्ही भरणार?”

“छे,” आई म्हणाल्या. “मला नकोत. पण नको मी म्हणणार. तुम्ही नाही.”