गल्लीतला शुक्रवार

कोपऱ्यावर रस्ता झाडणाऱ्या झाडू-गाडीचे पिवळे दिवे दिसले, तशी एउसेबियोने किल्ली फिरवली. पुढच्या निळ्या गाडीत मिलादीसने ओठांना लाली लावणं अर्ध्यावर सोडलं. गल्लीच्या एका बाजूच्या गाड्या एका दमात सुरू झाल्या.

कड मोकळी करून सगळ्या गाड्या रस्त्याच्या मधोमध. झाडू-गाडी पाणी उडवत कडेकडेने गेली.

मग कडेच्या जागांसाठी झुंबड.

"ओ डॉन एउसेबियो, ती जागा माझी!" विल्फ्रीदो न्हावी गाडीच्या खिडकीतून ओरडला.

"तुझ्या आजोबांनी विकत घेतली होती का रे?"

एउसेबियो तिरका घुसला, पण पुढे एका गाडीची जागा राखून. मिलादीस तीत अलगद मागे आली.

जागा मिळाली तरी सफाईची वेळ संपेपर्यंत गाडीपासून लांब जायचं नाही. दंडाची पावती लावणारे फिरत असतात. सफाई आठवड्यातून दोनदा: मंगळवारी मिलादीस त्याच्या गाडीत येऊन बसते. शुक्रवारी तो तिच्या.

किराणा दुकानात भेटले तर: नमस्कार, थंडी आहे.

जिन्यात: नमस्कार.

गाडीत: तिचा वारलेला नवरा, ह्याची वारलेली बायको, गुडघे, गावाकडचे, सांतियागोतले आंबे, न्यूयॉर्कच्या आंब्यांना शिव्या, हसून हसून ठसका.

आज शुक्रवार. दोघं तिच्या गाडीत. समोरच्या खांबावर नवा कागद होता. सफाई खातं ह्या गल्लीतली शुक्रवारची सफाई बंद करणार. हरकत असल्यास सभेत सांगावी.

"आता शुक्रवारी निवांत झोपता येईल," ती म्हणाली.

"हो ना."

"गाडी हलवायलाच नको."

"नकोच."

त्याने हात लांबवून वायपर चालू केला. पाऊस नव्हता.

शाळेच्या हॉलमध्ये सभा. गल्ली लोटली होती. विल्फ्रीदोने तळलेल्या करंज्यांचं ताट फिरवायला घेतलं होतं, लग्नघरासारखं. खात्याच्या बाईंनी भिंतीवर नकाशा लावला.

"शुक्रवारची सफाई बंद केली तर कुणाची हरकत?"

"हरकत?" विल्फ्रीदो म्हणाला. "मॅडम, तुम्हाला खांद्यावर घेऊन नाचतो!"

टाळ्या. शिट्ट्या. एउसेबियो करंजी हातात धरून बसला होता. दोन रांगा पुढे एक हात वर गेला.

"माझी आहे," मिलादीस म्हणाली.

सगळ्या माना वळल्या.

"कारण?"

"पानं." ती उभी राहिली. "फार पडतात. एका दिवसात आवरत नाहीत."

बाईंनी चष्मा लावून नकाशा पाहिला. मग तिच्याकडे. मग पुन्हा नकाशा.

"तुमच्या गल्लीत तर एकही झाड नाही."

कुणीतरी फिसकन हसलं. मिलादीसचे कान लाल झाले, पण ती बसली नाही.

मागे खुर्ची करकरली. एउसेबियो गुडघ्यांवर हात टेकत उठला.

"नकाशा जुना असेल, मॅडम. परवा माझ्या गाडीच्या टपावर हा ढीग होता. आम्ही दोघांनी मिळून झाडला."

मिलादीसने वळून पाहिलं नाही. नुसती तिची मान जरा ताठ झाली.

विल्फ्रीदोने आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तोंडातला घास गिळला.

"माझ्या दुकानात तर दारातून उडत येतात," तो म्हणाला. मग शेजारच्याच्या बरगडीत कोपर खुपसलं. "हात वर कर, मेल्या."

आणि आपली शुक्रवारची झोप गेली म्हणून मनातल्या मनात शिवी हासडून त्याने स्वतःचाही हात वर केला.