पाय शेकायचा दगड, मुक्काम देवघर

मी दगड बोलतोय. पाय शेकायचा दगड. सध्या मुक्काम ट्रॉय, मिशिगन, एका मराठी घराच्या देवघरात. इथं कसा पोचलो ते सावकाश सांगतो.

माझी जात मऊ. शेगडीवर ठेवलं की तापतो आणि रात्रभर गरम राहतो. कारागिरानं मला विटेएवढा कापला, दोन भोकं पाडून तारेची कडी बसवली. १८५६ साली एका आईनं मला फडक्यात गुंडाळून मुलाच्या पेटीत ठेवलं. मुलगा एझ्रा, वय सतरा, लांबच्या कॉलेजला निघालेला.

तिथं शेगडीची लाकडं त्यानंच फोडायची आणि तीन जिने चढवायची. पहाटे भांड्यातल्या पाण्यावर बर्फ जमलेला असे. तो बुटाच्या टाचेनं फोडून एझ्रा तोंड धुवायचा आणि झोपायच्या सदऱ्यावरच कोट चढवून प्रार्थनेला पळायचा. संध्याकाळी तेलाच्या दिव्यापाशी लॅटिन घोकायचा. घरून सफरचंदांची पेटी आली की खोलीतले सोबती दोन दिवसांत ती संपवत. आईला तो लिहायचा, सगळं छान चाललंय. मग पांघरुणात शिरून माझ्यावर पाय टेकवायचा. खरं काय ते पायांनाच कळतं, आणि पाय मला सांगायचे.

एवढं लॅटिन शिकून तो इथं मिशिगनात येऊन शेतकरी झाला. पुढं मी त्याच्या अंगणात पडून राहिलो. वर माती चढली, कडी गंजून गेली, शेतावर घरं झाली.

अकरा वर्षांपूर्वी त्यातल्याच एका घरामागं चारुदत्तकाका मेथीचा वाफा खणत होते. रिटायर्ड इंजिनिअर माणूस. त्यांचं फावडं मला लागलं. त्यांच्या बायको वीणाकाकू बाहेर आल्या आणि त्यांनी हातच जोडले. दोन भोकं म्हणजे डोळे, गंजाचे ओघळ म्हणजे शेंदूर.

"अहो, स्वयंभू गणपती आहे."

"सोंड कुठंय?"

"सगळं ड्रॉइंगमध्ये दाखवल्यासारखंच लागतं का तुम्हाला?"

मग रोज गार पाण्याचा अभिषेक. संकष्टीला चाळीस माणसं यायची. आयटीतली पोरं ग्रीन कार्डासाठी माझ्यावर डोकं टेकवायची. मी जन्माचा पाय ओळखणारा. कपाळ आलं की मला काय करावं कळत नसे. मला एकच वाटायचं, कुणीतरी एकदा तापवावं.

या सुट्टीत नात आली, रुही. यंदापासून कॉलेजात ती एझ्राच्या काळातल्या विद्यार्थ्यांची पत्रं वाचते. मला पाहून तिचा चेहरा उतरला. तिनं फोनवर अशाच एका दगडाचा फोटो दाखवला, त्या पत्रांसोबत जपलेला.

"आजी, डोंट बी मॅड. हा फूट वॉर्मर आहे."

काकू खुर्चीत बसल्या. मग गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, वाहत्या पाण्यात सोडा. काकूंनी मला टॉवेलात गुंडाळून गाडीत ठेवलं, वरून सीटबेल्टही लावला. मी घाबरलो. नदीच्या तळाशी गेलेला दगड परत कोण तापवणार?

गाडी सुरू करता करता काकूंनी विचारलं, ही पत्रं लिहिणारी मुलं केवढी असायची. शेजारी बसलेली रुही म्हणाली, सोळा, सतरा. "खूप रडायची, आजी. अशा दगडावर पाय टेकवून. मित्रांना लिहायची, पण घरी सांगायची नाहीत."

काकूंनी गाडी बंद केली. माझा बेल्ट काढला.

"अकरा वर्षं गार पाणी घातलं रे तुला," त्या मला म्हणाल्या.

त्याच दुपारी मी ओव्हनमध्ये तापलो. दीडशे वर्षांनी.

आता सकाळी मी देवघरात असतो, आंघोळीला कोमट पाणी. दुपारी तापून, लोकरीच्या मोज्यात बसून, काकांच्या पांघरुणात. पण पाय लागला की नमस्कार करायचा ही त्यांची लहानपणची सवय. काका पाय टेकवतात, दचकून उठून बसतात, मला हात लावून तो कपाळाला लावतात, आडवे होतात. पुन्हा पाय लागतो, पुन्हा उठतात. अशी त्यांची दुपार जाते. झोप होत नाही आणि मी तिकडे निवत जातो.

काल म्हणाले, "वीणा, देवावर पाय कसे ठेवू गं?"

काका, तुमचे पाय फार गार असतात. ठेवा खुशाल, आणि राहू द्या. लोकांनी मागितलेलं मला कधी काही देता आलं नाही. ऊब तेवढी देता येते.