दोन बोटं

सोलर पॅनेलांचा स्टँड मागच्या दारात अडकला तेव्हा मिस्त्रींनी आधी चाकांकडे पाहिलं, मग उंबऱ्याकडे आणि शेवटी, नाइलाजाने, चौकटीकडे. दार दोन बोटं अरुंद होतं.

"जात नाही का?" पलंगावरून बायकोने विचारलं. नाकातल्या नळीमुळे तिचा आवाज सर्दी झाल्यासारखा येई.

"जाईल."

"कुणी केलंय हो ते दार?"

दार मिस्त्रींनीच केलं होतं, एकतीस वर्षांपूर्वी, दुसऱ्याच्या कामातून उरलेल्या लाकडात. लाकूड कमी पडलं म्हणून दारच कमी केलं. 'अरुंद वाटतं हो,' असं ती तेव्हाच म्हणाली होती आणि मिस्त्री 'पुढं बघू' म्हणाले होते. आयुष्यभर लोकांच्या चौकटी सुतात बसवणाऱ्या माणसाच्या घरी हा असा दिव्याखाली अंधार. स्टँडसाठी मापं घेतली तीही फक्त पुढच्या दाराची. मागचं तर आपल्याच हातचं, ते काय मोजायचं? कारागिराला स्वतःचं काम मोजायला कमीपणा वाटतो, तसलाच हा प्रकार.

स्टँडची गरज पडली ती तिच्या छातीमुळे. दोन वर्षांपासून तिला ऑक्सिजनच्या यंत्राशिवाय चालत नसे. यंत्र पलंगाशेजारी दिवसरात्र घरघरायचं. वीज मात्र रोज दोन-तीन तास जायची, आणि सांगून जायची नाही. तेवढ्या वेळात तिचे ओठ निळे पडत. मुलीने दूरच्या शहरातून दोन सोलर पॅनेलं आणि बॅटरी पाठवली. बसवायला आलेल्या फिटरने छपरावर पाय ठेवला, पत्रा कुरकुरला आणि तो मुकाट्याने खाली उतरला.

"काका, याला पॅनेल नका लावू. एखादं मांजर बसलं तरी खाली येईल."

अंगणात ठेवावीत तर तिथेही रड होती. शेजारी सहा मजली इमारत झाल्यापासून ऊन बारापर्यंत पुढच्या अंगणात असे आणि नंतर मागच्या. मधे घर, आणि घर म्हणजे ही एकच मोठी खोली. ऊन काही आपल्या सोयीने फिरत नाही, तेव्हा पॅनेलांनाच फिरवायचं मिस्त्रींनी ठरवलं. सागवानी चौकट, खाली जुन्या ट्रॉलीची चाकं. पॅनेलं बिजागऱ्यांवर, पुस्तकासारखी मिटणारी. मागे टेकू आणि टेकूला सहा खाचा, सूर्य चढेल तसा सरकवायला. सगळे सांधे लाकडात लाकूड बसवलेले, खिळा एकही नाही. त्यांच्या हातचं इतकं देखणं काम बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

"स्टँड तासतो थोडा," मिस्त्री म्हणाले.

"त्याला कशाला तासता? त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? दार मोठं करा."

"भिंत फोडावी लागेल. आठ दिवस धूळ. तुझ्या छातीला सोसेल का ती?"

"मग माझ्यानंतर करा."

मिस्त्रींनी न ऐकल्यासारखं केलं आणि पटाशी शोधायला वळले.

दोन्ही बाजू तासून स्टँड जेमतेम दारातून जाऊ लागला, तोही चौकटीला घासत. रोज बारा वाजता मिस्त्री पुढची वायर काढत, पॅनेलं मिटत आणि स्टँड ढकलत आत आणत.

"आली स्वारी," ती म्हणायची.

पलंगापाशी ते थांबत. ती हात लांब करून तापलेल्या लाकडावर तळवा ठेवायची. दोन वर्षांत ती उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. तिच्या वाट्याला ऊन यायचं ते एवढंच. "आज कडक आहे," ती सांगायची, किंवा "आज काही दम नाही." मग स्टँड पुढे निघायचा, चौकटीला घासायचा आणि मागून तिचा आवाज यायचा, "हळू."

सात महिने असे गेले. त्या सात महिन्यांत यंत्र एकदाही बंद पडलं नाही, आणि मिस्त्रींना त्याचा अभिमान होता.

त्या दिवशी सकाळीही यंत्र चालू होतं आणि बॅटरी भरलेली होती. तरी तिचा श्वास पुरेना. पुढच्या बोळात गाडी येत नसल्याने ॲम्ब्युलन्स मागच्या रस्त्याला लागली. दोघेजण स्ट्रेचर घेऊन धावत आले आणि दारात थबकले.

"काका, हे दार..."

"माहीत आहे," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी तिला स्वतःच उचललं. ती पॅनेलाहून हलकी झाली होती. दारातून तिरकं होऊन निघताना तिने चौकटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"सांगत होते ना," ती म्हणाली आणि चक्क हसली.

त्यानंतर ती बोलली नाही. दुपारी डॉक्टर म्हणाले, दोन मिनिटं लवकर आणलं असतं तरी काही फरक पडला नसता. मिस्त्रींना ते पटलं, पण त्याने बरं वाटलं नाही.

मुलगी आली, पंधरा दिवस राहिली. जाताना तिने अंगणात पाहिलं.

"बाबा, पॅनेलं काढून टाकायची का? आता काय चालवायचंय त्याच्यावर?"

"असू दे."

ती गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मिस्त्रींनी मागची भिंत फोडली. धूळ अख्ख्या खोलीत भरली, रिकाम्या पलंगावर बसली. त्यांनी काहीच झाकलं नाही. झाकायचं कुणासाठी? नवी चौकट चांगली चार बोटं जास्त रुंद केली, आणि या वेळी तीनदा मोजली.

चौकट बसली त्या दिवशी बारा वाजता त्यांनी वायर काढली, पॅनेलं मिटली आणि स्टँड आत आणला. पलंगापाशी ते थांबले. लाकूड तापलेलं होतं. नेहमी थांबायचे तेवढा वेळ थांबून ते पुढे निघाले.

स्टँड आता कुठेच घासत नव्हता. तरी दारातून मिस्त्रींनी तो हळूच नेला.