महाराजांची काळी वाटी

"वर आला! रोग वर आला!" अख्खं सभागृह टाचा उंचावून ओरडलं.

रोगओढे महाराजांच्या बाटलीत तेल जांभळं झालं होतं आणि खालचं तपकिरी पाणी जवळजवळ नितळ. रोग्याने महाराजांच्या काळ्या वाटीत हात धुवायचे, ते पाणी बाटलीत ओतून वर 'सिद्ध तेल' घालायचं आणि बाटली हलवायची, की झाला माणूस बरा! असल्या भामट्याला टाळ्या मिळताना बघून माझं डोकं फिरलं, कारण टाळ्या वाजवणाऱ्यांत माझी आई होती. तिला साखरेचा आजार, पायाचं बोट काळं पडत चाललेलं, आणि महाराजांच्या शब्दावर तिने इन्सुलिन बंद केलेलं.

"सुई म्हणजे संशय, माई! संशय सोडा, साखर सुटेल!"

आईची पाळी आली. आमची लॉन्ड्री, कपड्यांना खळ घालता घालता ती तशाच हातांनी उठून आली होती. तिने वाटीत हात धुतले, आणि बाटलीत ओतताना पाणी शाईसारखं निळंकाळं दिसलं. तिच्या बोटांवरही तोच डाग. महाराज चपापले. बाटली खूप हलवली, पण तेल काही जांभळं होईना.

"हट्टी रोग आहे, जन्मोजन्मीचा! पुन्हा या."

दवाखान्याच्या खळ घातलेल्या कोटांवर टिंक्चर आयोडीन सांडलं की हाच डाग पडतो. असे डाग काढण्यात आमची उभी हयात गेली.

"आई, ओळखलास ना हा डाग?"

"गप गं, लोक बघतायत."

घरी आल्यावर मी एका बाटलीत पाणी घेऊन त्यात टिंक्चर आयोडीनचे थेंब टाकले, वर पांढरं रॉकेल ओतलं आणि बाटली हलवून ओट्यावर ठेवली. रॉकेल जांभळं झालं, पाणी फिकटलं.

"आयोडीन पाण्यात जेमतेम विरघळतं, रॉकेलमध्ये सहज. त्याचं सिद्ध तेल म्हणजे असलंच काहीतरी. पाणी आणि रॉकेल एकमेकांत मिसळत नाहीत. हलवलं की आयोडीन पाणी सोडून रॉकेलात जातं. वाटीच्या तळाशी थेंब आधीच टाकलेले असतात. काळ्या वाटीत दिसणार कुणाला? तुझ्या हातांवरच्या खळीने आयोडीन धरून ठेवलं, म्हणून त्याचं पितळ उघडं पडलं."

आईने बाटली उचलून स्वतः पुन्हा हलवून पाहिली.

"म्हणजे माझ्यातून काहीच निघालं नाही?"

"निघाली ती खळ. साखर रक्तातच आहे."

तिने पायाच्या बोटाकडे पाहिलं. "सुई कुठे ठेवलीस?"

बोट गेलं, पाय वाचला. महाराज गाशा गुंडाळून पसार झाले. दुसरीकडे कुणाचं तरी औषध बंद करत असतील.

आता आमच्या लॉन्ड्रीत येणाऱ्या प्रत्येकाला आई ती बाटली हलवून दाखवते आणि बजावते, "चमत्कार बघायला जायचं तर खुशाल जा. पण वाटी आपल्या घरची न्या, आणि औषध चुकवू नका."